वावड्याचे कोडे सोडवणारे डॉक्टर पिर्के

मुलांनो, पावसाळा संपत आला की भाटघर धरणाच्या परिसरात गाजर गवत माजते. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर आणि शाळेच्या आवारातही ते उगवते. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी असतात, म्हणून त्याला हे नाव पडले. काही लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात शास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि पुढे पाहता पाहता देशभर पसरले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत श्रमदान होते. मुलांनी मिळून आवारातले गाजर गवत उपटले. त्या दिवशी कोणालाही काही झाले नाही. पण दोन दिवसांनी एका मुलाचे हात, मान आणि पापण्या सुजल्या. कातडी लाल झाली आणि तिला फार खाज सुटली. आश्चर्य म्हणजे आदल्या वर्षीही त्याने हेच गवत उपटले होते. तेव्हा त्याला साधी खाजसुद्धा आली नव्हती.

घरच्यांना वाटले, काहीतरी अपथ्य झाले. शेजारी म्हणाले, दृष्ट लागली. वर्गातल्या मुलांना वाटले, हा रोग आपल्यालाही होईल. त्याच्या बाकावर कोणी बसेना. खरे सांगायचे तर मीही त्याला वेगळ्या बाकावर बसवले. तो मुलगा मान खाली घालून दिवसभर एकटा बसून राहिला. पुढे डॉक्टरांनी त्याला तपासले आणि सांगितले की हा एकाचा दुसऱ्याला होणारा रोग नाही. याला गाजर गवताचे वावडे आहे. वावडे म्हणजेच अ‍ॅलर्जी. तेव्हा मला माझी चूक कळली.

सगळ्यांनी तेच गवत उपटले, मग एकालाच त्रास का झाला? पहिल्या वर्षी काही झाले नाही, मग दुसऱ्या वर्षीच का झाले? आणि दोन दिवस का लागले? हे प्रश्न आपल्याला पडतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका डॉक्टरांनाही असेच प्रश्न पडले होते. त्यांनी आजारी मुलांच्या खाटेशी बसून त्यांची उत्तरे शोधली. त्या डॉक्टरांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के. अ‍ॅलर्जी हा शब्द त्यांनीच जगाला दिला.

क्लेमेन्स यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. राजधानी व्हिएन्नाजवळ हिर्शस्टेटन नावाचे गाव होते. तेथे त्यांच्या घराण्याची मोठी जमीन होती. घराणे सरदारांचे होते. घरात कशाचीही उणीव नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ गिदो पुढे अग्निबाणाच्या शास्त्रातला जाणकार म्हणून प्रसिद्ध झाला.

क्लेमेन्स यांची आई धार्मिक वृत्तीची होती. मुलाने धर्मगुरू व्हावे, अशी तिची फार इच्छा होती. आईच्या इच्छेप्रमाणे क्लेमेन्स यांनी प्रथम इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. मग बेल्जियममधील लूव्हेन येथे ते तत्त्वज्ञान शिकले. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. आपण वैद्यकशास्त्र शिकावे असे त्यांना वाटू लागले. त्या काळी बड्या घराण्यातील मुलाने डॉक्टर होणे फारसे मानाचे समजले जात नसे. घरच्या मंडळींना त्यांचा निर्णय आवडला नाही. तरी ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. १९०० साली ग्रात्स शहराच्या विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

ग्रात्स येथे त्यांना एक उत्तम गुरू लाभले. त्यांचे नाव थिओडोर एशेरिख. ते लहान मुलांच्या रोगांचे नामवंत डॉक्टर होते. पुढे एशेरिख व्हिएन्नाला गेले आणि पिर्केही तेथील मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. तेथेच त्यांची बेला शिक या तरुण डॉक्टरांशी मैत्री झाली. शिक हे मूळचे हंगेरीचे. दोघेही मेहनती होते. दोघांनाही प्रत्येक रुग्णाची बारकाईने नोंद ठेवण्याची सवय होती. हीच सवय पुढे फार उपयोगी पडली.

त्या काळी घटसर्प या रोगाने असंख्य मुले दगावत. या रोगात घशात पडदा धरतो आणि मुलाचा श्वास कोंडतो. जर्मनीतील शास्त्रज्ञ बेहरिंग यांनी या रोगावर एक इलाज शोधून काढला होता. घोड्याला घटसर्पाचे विष अगदी थोड्या प्रमाणात टोचायचे. मग हळूहळू ते प्रमाण वाढवत न्यायचे. घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिद्रव्ये म्हणतात. नंतर घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील पिवळसर पाणी वेगळे करायचे. या पाण्याला सीरम म्हणतात. हे सीरम आजारी मुलाला टोचले की त्याचे प्राण वाचत. या कामासाठी बेहरिंग यांना १९०१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे साप चावल्यावर जे औषध टोचतात तेही याच रीतीने बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून असे औषध तयार होत आले. भोर आणि वेल्हे भागात भातखाचरात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना या औषधाचे मोल वेगळे सांगायला नको.

व्हिएन्नाच्या रुग्णालयातही सीरममुळे मुले बरी होऊ लागली. आईबापांच्या जिवात जीव आला. पण एक विचित्र गोष्ट घडू लागली. मूल बरे होऊन खेळू लागलेले असे. आणि सीरम टोचल्यापासून आठ ते बारा दिवसांनी त्याला एकाएकी ताप येई. अंगावर पित्तासारख्या गांधी उठत. सांधे दुखत आणि गाठी सुजत. काही दिवसांनी हा त्रास आपोआप ओसरे. परंतु आईबाप घाबरून जात. ज्या औषधाने मूल वाचले, त्याच औषधाने ते पुन्हा आजारी पडले होते. मग हे औषध द्यावे की न द्यावे? हा प्रश्न साधा नव्हता. सीरम न दिले तर घटसर्पाने मूल दगावण्याची भीती होती.

पिर्के आणि शिक यांनी हे कोडे सोडवायचे ठरवले. त्यांनी कोणतेही मोठे यंत्र वापरले नाही. त्यांनी दिवस मोजले. सीरम कोणत्या तारखेला टोचले, ताप कोणत्या तारखेला आला, गांधी कधी उठल्या, कधी मावळल्या, हे सर्व त्यांनी प्रत्येक मुलाच्या कागदावर लिहून ठेवले. मग अनेक मुलांचे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले.

त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. सीरम पहिल्यांदाच टोचले असेल तर त्रास आठ ते बारा दिवसांनी होई. पण ज्या मुलाला पूर्वी कधी सीरम टोचलेले असे, त्याला ते पुन्हा टोचले तर तो फार लवकर होई. कधी तो त्याच दिवशी सुरू होई, तर कधी थोड्याच दिवसांत. औषध तेच होते. मूलही तेच होते. मग फरक कशात होता?

पिर्के यांनी विचार केला. रोगजंतू शरीरात शिरले की रोग दिसायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत जंतू वाढत असतात, असे तेव्हाचे डॉक्टर सांगत. पण सीरममध्ये जिवंत जंतू नव्हते. मग आठ दिवस कशासाठी लागत होते? पिर्के यांनी याचे उत्तर काढले. हा वेळ शरीर स्वतःच्या तयारीसाठी घेते. घोड्याचे सीरम शरीराला परके वाटते. त्याच्याविरुद्ध शरीर स्वतःची प्रतिद्रव्ये तयार करू लागते. ती तयार होऊन सीरमला भिडली की ताप येतो आणि गांधी उठतात. दुसऱ्या वेळी शरीर आधीच सावध असते. त्याला ओळख पटलेली असते. म्हणून त्रास लवकर होतो.

याचा अर्थ असा, की मुलाला आजारी पाडणारे एकटे सीरम नव्हते. त्याच्या शरीराचे रक्षण करणारी शक्तीही त्यात सामील होती. घराची राखण करणारा कुत्रा चोरावर धावून जातो, हे चांगलेच. पण तोच कुत्रा पाहुण्यावर धावून गेला तर घरात गोंधळ उडतो. तसेच येथे घडत होते.

ही कल्पना अगदी नवी होती. १९०३ साली पिर्के यांनी आपले विचार लिहून तो कागद मोहोरबंद करून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवायला दिला. त्यानंतर दोघा मित्रांनी आणखी दोन वर्षे काम केले आणि १९०५ साली सीरमच्या आजारावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे त्याच काळात फ्रान्समधील शास्त्रज्ञ रिशे आणि पोर्तिये यांनाही प्राण्यांवरील प्रयोगात असेच काही दिसले होते. काही प्राण्यांना विषाची पहिली मात्रा सोसली. पण काही आठवड्यांनी तेच विष अगदी थोडे टोचताच ते तडकाफडकी मरण पावले.

१९०६ साली पिर्के यांनी एक छोटासा लेख लिहिला. एखाद्या परक्या पदार्थाची ओळख झाल्यावर शरीराची वागणूक बदलते. या बदलाला नाव हवे होते. ग्रीक भाषेत वेगळा या अर्थाचा एक शब्द आहे आणि कार्य या अर्थाचा दुसरा. हे दोन शब्द जोडून त्यांनी अ‍ॅलर्जी हा शब्द बनवला. फुलांच्या परागांमुळे शिंका येणे, माशी किंवा डास चावल्यावर सूज येणे, ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, हे सर्व एकाच कुटुंबातले आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. रोगापासून वाचवणारी शक्तीच त्रास कसा देईल, असे ते विचारत. काहींना नवा शब्दच नको होता. पिर्के यांनी वाद वाढवला नाही. ते आपल्या कामात गढून राहिले.

याच विचारातून त्यांनी १९०७ साली क्षयरोग ओळखण्याची एक सोपी चाचणी शोधली. क्षयाच्या जंतूंपासून बनवलेल्या ट्युबरक्युलिन या द्रवाचा एक थेंब हातावर ठेवायचा आणि तेथे कातडीवर बारीक ओरखडा काढायचा. मुलाच्या शरीरात क्षयाचे जंतू पूर्वी शिरलेले असतील, तर एक-दोन दिवसांत तेथे लाल सूज येते. कारण शरीराला त्या जंतूंची ओळख असते. वरून धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी मुलांना क्षयाचा संसर्ग होऊन गेला आहे, हे या चाचणीमुळे कळले. पुढे या पद्धतीत सुधारणा झाली. आज आपल्या रुग्णालयांत हातावर टोचून जी मांटू चाचणी करतात, ती याच कल्पनेवर आधारलेली आहे.

पिर्के यांची कीर्ती आता दूरवर पसरली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगांचे प्राध्यापक म्हणून बोलावले. काही काळ ते तेथे राहिले. नंतर ते ब्रेस्लाऊ येथे आले. १९११ साली त्यांचे गुरू एशेरिख यांचे निधन झाले. तेव्हा गुरूंच्या जागी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते चार वर्षे चालले. युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रियात अन्नाचा भयंकर तुटवडा होता. व्हिएन्नाच्या रस्त्यांवर हाडे निघालेली मुले दिसत. दूध मिळत नव्हते. अशा वेळी अमेरिकेतून मुलांसाठी मदत आली. ती नीट वाटण्याची जबाबदारी पिर्के यांनी उचलली. कोणत्या मुलाला किती अन्न लागते, याचा हिशेब त्यांनी बसवला. त्यासाठी त्यांनी एक ग्रॅम दुधातले पोषण हे माप धरले. भाकरी असो, साखर असो की लोणी असो, त्यात किती दुधाइतके पोषण आहे ते ते सांगत. यामुळे थोडे अन्नही योग्य मुलापर्यंत पोचू लागले. लाखांवर मुलांना त्या दिवसांत जेवण मिळाले. सरदार घराण्यात जन्मलेला हा माणूस उपाशी मुलांच्या वाट्याचे दूध मोजत होता.

नोबेल पारितोषिकासाठी पिर्के यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. पण ते त्यांना मिळाले नाही. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र बेला शिक अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६७ सालापर्यंत जगले. घटसर्पाचा धोका कोणाला आहे हे ओळखणारी चाचणी त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

पिर्के यांच्यानंतर शास्त्रज्ञांनी हे काम पुढे नेले. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका हे जपानी पतिपत्नी अमेरिकेत संशोधन करत होते. त्यांनी आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी एक विशेष प्रतिद्रव्य शोधून काढले. त्याला आयजीई म्हणतात. शरीरात मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या कातडीत, नाकात आणि श्वासनलिकांत पहारा देत असतात. आयजीई या पेशींना चिकटून बसते. मग पराग किंवा धुळीतला एखादा कण आला आणि आयजीईने तो ओळखला, की मास्ट पेशी हिस्टामिन हे द्रव्य बाहेर टाकतात. त्यामुळे काही मिनिटांतच नाक वाहते, शिंका येतात, गांधी उठतात. दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आकसतात. भात झोडताना उडणाऱ्या धुळीने एखाद्याला लगेच शिंकांवर शिंका येतात. त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

गाजर गवताचा प्रकार थोडा वेगळा आहे. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते कातडीला लागले की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याला शत्रू समजून लक्षात ठेवतात. पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. पुढे पुन्हा गवत लागले की या पेशी तेथे गोळा होतात. त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून आमच्या शाळेतल्या मुलाला पहिल्या वर्षी काही झाले नाही आणि दुसऱ्या वर्षीही सूज दोन दिवसांनी आली. प्रत्येकाचे शरीर सारखे नसते. म्हणून इतर मुलांना त्रास झाला नाही. पिर्के यांनी दाखवलेल्या वाटेनेच ही सर्व उत्तरे मिळाली.

मुलांनो, वावडे हा संसर्गजन्य रोग नाही. ज्याला वावडे आहे त्याच्याजवळ बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा खेळल्याने ते आपल्याला होत नाही. ते त्याचे नाटक नसते आणि त्याचा दोषही नसतो. त्याला कशाचा त्रास होतो ते लक्षात ठेवावे आणि त्या वस्तूपासून त्याला दूर ठेवावे. गाजर गवत उपटायचे असेल तर हातमोजे घालावेत आणि अंगभर कपडे घालावेत. ज्याला त्याचे वावडे आहे त्याने ते काम करूच नये. कधी कधी वावडे जिवावरही बेतते. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर एखाद्याचा श्वास अडकू लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आमच्या शाळेतला तो मुलगा काही आठवड्यांनी बरा झाला. मी त्याला पुन्हा त्याच्या जुन्या बाकावर बसवले आणि सर्व वर्गासमोर माझी चूक कबूल केली. त्यानंतरच्या श्रमदानात त्याने गवताला हात लावला नाही. तो मुलांना पाणी देत होता. आज शाळेत कोणाला खाज सुटली किंवा शिंका येऊ लागल्या, तर मी आधी वही काढतो. काय खाल्ले, कशाला हात लावला, कोणत्या दिवशी, हे मी त्याला विचारतो आणि लिहून घेतो. डॉक्टर पिर्के यांनी तेच केले होते.

शब्दार्थ
वावडे – एखादी वस्तू शरीराला न मानवणे
अपथ्य – खाऊ नये ते खाणे
दगावणे – मरण पावणे
गांधी – अंगावर उठणारे लाल फुगवटे
संसर्गजन्य – एकापासून दुसऱ्याला होणारा
तुटवडा – कमतरता

स्वाध्याय
१. क्लेमेन्स यांच्या आईची काय इच्छा होती? त्यांनी कोणता मार्ग निवडला?
२. सीरम दुसऱ्यांदा टोचल्यावर त्रास लवकर का होई?
३. राखणीच्या कुत्र्याचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
४. महायुद्धानंतर पिर्के यांनी मुलांसाठी कोणते काम केले?
५. तुमच्या वर्गात एखाद्याला वावडे असेल तर तुम्ही त्याच्याशी कसे वागाल? पाच-सहा वाक्ये लिहा.